तिरकं माप

रबाळ्याच्या गाळ्यात माझं टेबल वर, वेल्डिंग खाली.
पत्र्याच्या जिन्याने कागद खाली जायचा
आणि परत यायचा ठिणग्यांची भोकं घेऊन.

पहिल्याच आठवड्यात देवस्थळींनी शिकवलं,
आयसोमेट्रिकला माप देणं म्हणजे
आधी सरळ द्यायचं, मग मोडायचं.
रेघेला समांतर माप टाक.
मग त्याचे दोन्ही पाय वाकव :
तीस, एकशे पन्नास किंवा नव्वद,
ठोकळ्याची शेजारची कड जिकडे जाते तिकडे.
आकड्यालाही कल दे, इकडे तीस, तिकडे उणे तीस.
नाहीतर ठोकळा उभा राहतो
आणि माप त्याच्या दारात
चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं.

मला ते आवडलं.
ज्या कागदावर एकही काटकोन नाही
तिथे सगळेच काटकोन आहेत असं धरून चालायचं.
वर्तुळं चेपून लंबगोल झालेली,
आणि त्यांच्या पोटात निमूट लिहिलेलं : व्यास साठ.

मग आली टेकूंची ऑर्डर.
तुर्भ्याच्या कुठल्याशा शीतगृहाला
पाइपांचे आधार, नग चोवीस.
उभी चारशे. आडवी तीनशे.
दोघींच्या टोकांना जोडणारी एक तिरपी पट्टी.
उभीला माप दिलं, आडवीला दिलं,
आणि हात चालता होता म्हणून
तिरपीवरही क्लिक केलं.
मशीनने लिहिलं तीनशे एकसष्ट.
मी कल दिला. देखणं दिसत होतं.
देवस्थळी त्या दिवशी मुलीच्या ॲडमिशनला वाशीला.

चहाच्या आधी जिना वाजला.
दामू केणी, घणसोली गावठाणातले,
हातात पट्टी, तिची कड अजून गरम.
"चोवीस कापल्या, ताई. एकही पोचत नाही."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.
बघा ना, तीनशे एकसष्टच आहे.
"कागदावर असेल," ते म्हणाले.
"कागद पडून असतो. लोखंड उभं राहतं."

खिशातून सूत निघालं, मळकं, गाठी मारलेलं.
फरशीवर तीन गाठी धरल्या, कोपऱ्यातून चार,
आणि उरलेलं सूत ताणलं.
पाच.
"बाप मिठागरात वाफे असेच आखायचा."

म्हणजे पाचशे.
एकशे एकोणचाळीस मिलिमीटर
मी कागदाच्या घडीत हरवले होते.

याला मापात पाप म्हणता येत नाही.
तराजूची दांडी कुणी दाबली नव्हती.
मशीनला मी दोन टिंबांमधलं अंतर विचारलं,
त्याने तेवढंच सांगितलं.
लोखंडाचं विचारायचं राहून गेलं.

पगारातून दोन हप्त्यांत पट्टी गेली.
तुकड्यांची केणींनी मोरीवर जाळी केली,
रोज तिच्यावर पाय ठेवूनच आत येते.
एकदा मोजल्या, एकवीस भरल्या.
उरलेल्या तीन कुठे गेल्या, ठाऊक नाही.

आता मॉडेलच त्रिमितीत असतं.
तिरपीला विचारलं तरी पाचशेच सांगतं, लगेच,
त्याला खाली जाऊन विचारावं लागत नाही.
नव्या पोराला, साहिल तांडेलला, हसू येतं
मी तिरपीवर माप टाकताना थांबते तेव्हा.
"सॉफ्टवेअर चुकत नाही, मॅडम."
नाही चुकत रे.
तेव्हाही चुकलं नव्हतं.

केणींना रिटायर होऊन सहा वर्षं झाली.
सूत माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
मागितलं नव्हतं, टेबलावर ठेवून गेले.
गाठी बारा असाव्यात असा माझा हिशेब,
निघाल्या तेरा. पहिली गाठ
शून्याची, हे कळायला एक जेवणाची सुट्टी गेली.

संध्याकाळी खिडकीतून पारसिकचा डोंगर
आणि त्याच्या अलीकडच्या इमारतीचा कोपरा,
दोन्ही बाजूंनी बरोबर तीस अंशांत पळणारा.
मी दिवे बंद करते, जिना उतरते.
पायऱ्या अकरा. प्रत्येकीची उंची मला पाठ आहे.
कठडा तिरपा जातो, हाताखाली थंड.
त्याची लांबी मी अजून मोजलेली नाही.