लाल वायर

सेलूच्या बसस्टँडमागं माझं दुकान,
सात बाय नऊ.
दिवसभर मी लोकांच्या मुक्या वस्तू
बोलत्या करून देतो.

वैजूनं हिंजवडीहून हत्ती पाठवला.
सोंड दाबली की म्हणतो, ए फॉर ॲपल.
कान ओढला की, व्हेरी गुड.
काहीच नाही केलं तरी
जरा वेळानं आपणच हाक मारतो.

स्वरांगी सात महिन्यांची.
व्हेरी गुड ऐकलं की
आधी दाराकडं बघायची, मग माझ्याकडं.
मी हत्तीकडं बोट दाखवायचो.

दुसरा, हबीबभाई खराद्यांचा खुळखुळा.
प्रणिता म्हणाली, रंग लाळेनं सुटला तर?
म्हणून बिनरंगाचा करवून घेतला,
कडुनिंबाचा, आत चिंचोके.
“चावंल की ती,” मी म्हणालो.
“चावू द्या. कडू लागलं की सोडंल.”

दोन्ही मांडले सतरंजीवर.
शेजारचेही आले, निकाल असल्यासारखे.
पोरीनं खोक्याची चिकटपट्टी उचलली.
तासभर ती तिच्या हाताला
आणि तिचा हात तिला, सुटेना.

मग एका संध्याकाळी ध्यानात आलं,
अर्धा तास झाला, घरात
हत्तीशिवाय कुणी बोललंच नाही.
मी कुणाचा तरी डिस्प्ले उघडून बसलेला,
प्रणिता घड्या घालत.
“आपण गप का गं?”
“तो बोलायलाय की,” ती म्हणाली.

पोर झोपल्यावर चार स्क्रू काढले.
स्पीकरची लाल वायर
बारीक, भाताच्या शिताएवढा डाग.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
धडधाकट वस्तू बिघडवली
आणि पुन्हा नीट बंद केली.

वैजूचा व्हिडिओ कॉल आला.
“वाजतो ना रे दादा?”
“वाजतो.”
खोटं नव्हतं. मागं स्वरांगी
त्याला फरशीवर आपटत होती.

आता ती सोंड दाबते.
पोटातला दिवा लागतो, विझतो.
ती थांबते.
दाराकडं बघत नाही, थेट माझ्याकडं.
माझं इंग्रजी बेताचंच.
मी म्हणतो, “अगं बाई, सोंड!”
ती पुन्हा दाबते.
“सोंड!”
पुन्हा.

खुळखुळा कॉटखाली गेलाय,
झाडूनं काढायचाय.
त्याला बॅटरी लागत नाही, हे खरं.
माझी मात्र
रात्री दहाला उतरते.