एक कमी

चानहोमबाईंची उजवी बाजू गेली, असं सुपिन म्हणाली
तेव्हा मी कोंबड्याची शेपटी रंगवत होते.
लाम्पांगच्या आमच्या कारखान्यात
दिवसाला दोनशे वाडगे, दोनशे कोंबडे,
आणि अकरा वर्षं त्या प्रत्येकावर बाईंची नजर.
तडा दिसला की वाडगा जमिनीवर,
सगळ्यांसमोर,
आणि त्याचे पैसे माझ्या पगारातून.

तरी जायला हवं होतं.
काय न्यायचं, एवढंच ठरत नव्हतं.

आई म्हणाली, चाफा नको.
त्याचं जुनं नाव लानथोम,
आणि राथोम म्हणजे झुरणं; आजाऱ्याच्या उशाशी यमक नको.
काळा कागद नको.
आंबवलेले बांबूचे कोंब तर नकोतच,
त्यांना कितीही आवडोत, दुखण्यात बाधतात.
आणि "किती वाळलात हो" असं तोंडावर म्हणू नकोस,
तुझी जीभ मला माहीत आहे.

इस्पितळासमोरच्या दुकानात
पिवळ्या चकचकीत कागदात गुंडाळलेल्या परड्या.
पाकोळीच्या घरट्याचं सरबत, सहा बाटल्या.
कोंबडीचा अर्क, बारा.
जन्मभर कोंबडे रंगवले आम्ही दोघींनी,
आता एकीने दुसरीला बाटलीतली कोंबडी द्यायची?
किंमत माझी दोन दिवसांची मजुरी.
फितीच्या घडीत धूळ होती;
ही परडी आधीही कुणाच्या तरी उशाशी
जाऊन, न उघडता, परत आली असावी.

मागे फिरले. बाजारातून संत्री घेतली, फांगची,
पातळ सालीची, देठाला पान असलेली.
मोजून नऊ.
नऊला आम्ही काव म्हणतो
आणि पुढे टाकलेल्या पावलालाही काव.
ज्यांचा पाय उचलत नाही त्यांना
याहून बरं काय द्यावं?
स्वतःवरच खूश होऊन
दोन बाकांच्या गाडीत बसले.

समोर एक पोरगा, आईच्या मांडीत,
वळणावळणाला हिरवा पडत चाललेला.
एक संत्रं सोललं. आधी साल नाकाशी धरली, मग फोडी दिल्या.
इस्पितळाच्या दारात उतरेपर्यंत
हिशोब माझ्या लक्षातही आला नाही.

खाट खिडकीशी. डाव्या मनगटाला
भिक्खूंनी बांधलेला पांढरा दोरा.
मी पिशवी खाली ठेवून हात जोडले.
त्यांनीही जोडायला घेतले
पण अर्धाच नमस्कार उठला,
एकटा तळवा, हवेत,
दुसऱ्याची वाट पाहत.
मी खिडकीबाहेर बघितलं.

भाचा प्रासोप म्हणाला, बारा दिवस झाले,
एक शब्द नाही.
कोपऱ्यात पिवळ्या परड्यांची उतरंड.
बसायला खुर्ची नव्हती, तिच्यावरही परडी.

काय बोलावं सुचेना म्हणून
संत्री एकेक करून चादरीवर मांडली.
त्यांचं डावं बोट हललं.
पहिल्यावर टेकलं. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर.
माझ्या पोटात तोच जुना गोळा;
असंच फिरायचं ते बोट भट्टीतून निघालेल्या रांगांवरून.
सातव्यावर. आठव्यावर.
मग रिकाम्या चादरीवर येऊन थांबलं.

"एक," बाई म्हणाल्या.
जीभ जड, पण आवाज कारखान्यातलाच.
"एक कमी."

प्रासोपच्या हातून फोन पडला.
तो तसाच नर्सला बोलवायला धावला.
आणि मी, सवयीची गुलाम, हात जोडून सांगू लागले:
चूक झाली बाई, गाडीत एक पोरगं होतं,
त्याला मळमळत होतं, मी मुद्दाम नाही...
पगारातून कापा.

तोंडाची डावी बाजू जराशी वर गेली.
हसल्या का?
कसं सांगू. अकरा वर्षांत
त्यांचं हसू मी कधी पाहिलेलंच नव्हतं,
ओळखणार कशावरून.