एकोणतीस

दांडी तळापासून चार सेंटिमीटर उंच.
सतरा नंबरचे पुढचे दोन्ही पाय तिच्यावर ठेवते
आणि घड्याळ सुरू करते.
औषध टोचलेलं नसतं तर एव्हाना
मिशा झटकून भुशात शिरला असता.
आता उभा आहे.
बारा. तेरा. चौदा.
डोळे उघडे, शेपूट सरळ,
खालून कुणी हाक मारेल म्हणून
कठड्याला हात टेकून थांबलेल्या माणसासारखा.

परळच्या या तिसऱ्या मजल्यावर खिडक्या नाहीत.
उंदरांची रात्र आम्ही दिवसा करतो,
लाल दिवा लावून.
गुणाजी भुसा बदलतो,
त्यांच्याशी मालवणीत काहीबाही बोलतो.
नोंदवहीत ते येत नाही.

बाबांना एकदा समजावून सांगितलं,
भायखळ्याच्या क्वार्टरमध्ये, कांदे सोलताना.
पेशीवर ग्राहक असतात, म्हटलं.
ते म्हणाले, गिऱ्हाईक?
तसंच काहीसं. ओंजळ पुढं करून बसलेलं.
डोपामिन येतं, ओंजळीत पडतं,
तेव्हा कुठं पाय उचलतो.
आम्ही काय करतो, ओंजळीत आधीच खडा ठेवतो.
माल येतो, हात भरलेले बघतो, परत जातो.
"म्हणजे उंदराला पळायचं असतं,
पण पायाला निरोप पोचत नाही."
पळायचं असतं की नाही, मी म्हटलं,
तेच तर ठाऊक नाही.

तीस वर्षं पालिकेत, रात्रपाळी.
एका हातात काठी, दुसऱ्यात बॅटरी,
दाणाबंदरच्या गोदामांमागं,
चिराबाजारच्या गटारांच्या कडेनं.
रात्रीला तीस. कमी पडले तर
उद्याच्या हिशोबात.
पहाटे पोतं मोजून द्यायचं,
घरी येऊन लाल साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे
आणि मला शाळेत सोडायचं.
मैत्रिणींना मी सांगायचे, बाबा पालिकेत आहेत.
पुढचं नाही.

माझ्याकडे चौकोनी पेटी आहे, वर कॅमेरा.
उंदीर कडेकडेनं किती फिरला, मधे किती सेकंद आला,
संगणक रेघ काढून देतो.
बाबांनी चष्मा कपाळावर ढकलून
मोबाइल डोळ्यांजवळ धरला.
"भिंत सोडत नाही. हे शोधायला पगार देतात?"
मग दुसरी रेघ दाखवली,
ज्याच्या पेशींवर एक ग्राहक जन्मापासूनच नाही, त्याची.
मधोमध, आडवीतिडवी,
पोरानं भिंतीवर खडू ओढावा तशी.
बाबा बराच वेळ गप्प.
"हा मला पहिल्या तासात सापडला असता.
मला वाटायचं, असले उंदीर शूर असतात."

नव्वद. एक्याण्णव.
फ्लाविया दारातून विचारते, उतरला?
मी मान हलवते.

ही गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, मी न विचारता.
मशीद बंदरला मिरचीच्या वखारीमागं
पाइपाला पुढचे पाय टेकून एक उभा होता.
उजेड टाकला. हलला नाही.
काठी आपटली. हलला नाही.
कुणी काय खाऊ घातलं होतं, देव जाणे.
"पळणाऱ्याला मारायची सवय हाताला.
उभ्याचं काय करायचं, हाताला कळेना."
बॅटरी विझवली, पुढं गेले.
पोत्यात एकोणतीस.

एकशे अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी.
एकशे ऐंशीला नियमानं उतरवायचं.
तळहातात घेते. वीस ग्रॅम, फार तर बावीस.
काळीज बोटांवर शिलाई मशीनसारखं चालतंय,
त्याला कुणी थांबवलेलं नाही.
भुशात ठेवते, तर मी ठेवले तसेच पाय.
वहीत आकडा लिहिते.
शेऱ्याच्या रकान्यात काही लिहावंसं वाटतं,
रकाना अर्ध्या इंचाचा.

दुसऱ्या रात्री एकतीस आणले असतील.
बाबांनी हे सांगितलं नाही.
हिशोब मी केला.