वजनात नसलेलं

कास्ट्रुप विमानतळ. पहाटेचे पावणेचार.
टॉर्किल्ड बॅगा उचलतोय, एकतीस वर्षं.
हात लावला की सांगतो : ही बावीस किलो,
हिच्यात पुस्तकं,
हिच्यात कुणीतरी चीज कोंबलंय.
काटा नंतर मान डोलावतो.

विमान वळतं. इंजिनाची ऊब पोटऱ्यांना लागते;
उणे चारात तीही बरी वाटते.
रॉकेलचा गोडसर वास
डब्यातल्या काळ्या पावालाही येतो.

मंगळवारी एक मुलगी आली, खांद्याला पेटी.
पेटी हवा ओढायची आणि मोजायची.
‘किती धूळ?’ यानं विचारलं.
‘वजनात म्हणाल तर काहीच नाही,’ ती म्हणाली,
‘पण नगानं मोजली तर –’
आणि आकडा दाखवला.
साखरेच्या एका चौकोनी खड्याएवढ्या हवेत
लाखाच्या वर.

तो हसला.
मग शून्यं पुन्हा मोजली.

नाकातल्या केसांना जे सापडत नाही,
खोकल्याला हुसकता येत नाही,
फुप्फुसाच्या तळाशी, पातळ पडद्यातून,
पासपोर्ट न दाखवता जे रक्तात उतरतं
आणि पुढे कुठल्या पट्ट्यावर जातं
त्याला चिठ्ठी लावलेली नसते.

‘हल्ली तिसऱ्या मजल्यावर थांबतोस,’ बोदिल म्हणाली.
‘गुडघे,’ तो म्हणाला.

रात्री न्हाणीघरातल्या काट्यावर उभा राहिला.
ब्याऐंशी.
गेल्या वर्षीही ब्याऐंशीच.

तरी बराच वेळ
खाली उतरला नाही.