एकोणीस सेंटिमीटर

लिलावात तिचा नंबर होता एकशे चार.
ओत्मारने हात वर केला
आणि खाली घ्यायला विसरला.
बासष्ट हजार क्राउन.
मी पावती दोनदा वाचली आणि म्हटलं, ठीक आहे,
घराचं छप्पर गळू दे अजून एक हिवाळा.

प्रागा. सहा सिलिंडर, तीन आस, साल त्रेसष्ट.
आम्हा दोघांपेक्षा म्हातारी.
हिच्या इंजिनाला पाणी लागत नाही,
वारा खाऊन गार राहतं,
असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा, अगदी पोस्टमनलासुद्धा,
जणू घरात निर्व्यसनी जावई आला आहे.

मग गंज.
एकेका बोल्टला तेल पाजायचं, रात्रभर थांबायचं,
सकाळी पाना, दुपारी हातोडा, संध्याकाळी जाळ,
आणि शेवटी शिव्या.
बरेचसे शिव्यांनीच निघाले.
हिरव्या रंगाखाली हिरवा, त्याखाली जरा वेगळा हिरवा.
युडिता खरवडत होती, तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा,
म्हणाली, आई, यांना दुसरा रंग माहीतच नव्हता का गं?

ब्रेकचे ड्रम सापडले म्हाताऱ्या पेखांच्या गोठ्यात.
एकात कोंबडी खुडुक बसलेली.
पेख म्हणाले, घेऊन जा, पण तिचं होऊ दे.
एकवीस दिवस थांबलो.
लष्कराची गाडी, आणि अडली कुणासाठी!

ड्रायव्हरची सीट उचकटली त्या दिवशी
स्प्रिंगांत अडकलेली एक टेप मिळाली.
शिंप्याची, कापडी, पिवळट,
एका टोकाला कात्री लागलेली.
सक्तीच्या नोकरीचे शेवटचे दीडशे दिवस
पोरं अशी टेप बाळगत,
रोज संध्याकाळी एक सेंटिमीटर कापत
घराच्या दिशेने.
ही एकोणीसवर थांबली होती.

विसरला असेल कुणी, युडिता म्हणाली.
ओत्मारने टेप बोटाला गुंडाळली, सोडली,
पुन्हा गुंडाळली.
सेंटिमीटर कुणी विसरत नाही, म्हणाला,
आणि कंप्रेसर चालू केला,
म्हणजे पुढचं काही ऐकू येऊ नये.

मागच्या सांगाड्यावर आम्ही खोका चढवला,
लार्चच्या फळ्या, दोन्ही अंगांना वीस-वीस पेट्या,
मधे एका माणसापुरती बोळ.
दारं निळी, पिवळी, पांढरी,
माश्यांना आपलं घर रंगावरून कळतं.
प्रत्येक दाराची फट किती रुंद, मी विचारलं.
एकोणीस, तो म्हणाला.
पुस्तकात दुसरंच काही लिहिलंय.
मी पुस्तक मिटलं आणि करवत दिली.

मार्चमध्ये ती सुरू झाली. उणे दोन.
आधी नुसतं खोकणं, मग निळा धूर,
पेखांच्या वाळत घातलेल्या चादरी गेल्या कामातून.
आम्ही तिघंही ओरडलो. काय ओरडलो, आठवत नाही.

मे महिन्यात रेपची शेतं,
तिथला मध भराभर दगड होतो, त्यात फार अर्थ नाही.
जूनच्या शेवटी लिंडन.
रात्रीच निघावं लागतं, सगळ्या माश्या घरी आल्यावर.
टेल्चच्या चढावर ताशी तीस,
मागे मोटारींची रांग, कुणीतरी हॉर्न दाबून धरलेला.
टपावरची गोल झडप उघडून मी उभी राहिले,
जिथून पूर्वी कुणी आभाळाकडे बंदूक धरून बघत असेल.
माझ्या हातात थर्मास होता.
आणि झाडांचा वास, वळणाआधीच.

कुरणात शिरलो. ओत्मारने इंजिन बंद केलं.
आवाज बंद झाला नाही.
पाठीमागून येत राहिला, बारीक, चाळीस खोल्यांतून,
आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.
उतर, मी म्हटलं.
थांब जरा, म्हणाला.

पहाटे पहिली माशी निळ्या दारातून निघाली.
लगेच गेली नाही.
तोंड दाराकडे करून, मागे मागे उडत,
फट पाठ करत राहिली, डावीकडून उजवीकडे,
सबंध.