पत्त्याचा पत्ता

महाप्याच्या तिसऱ्या मजल्यावर, रात्री पावणेनऊला
मी एक स्ट्रक्ट लिहिते :
आत मीटरचा आकडा आणि पुढच्याचा पत्ता.
बस, एवढंच.
मागे कोण, त्याला ठाऊक नाही.
आपण कितवे, तेही नाही.

कुरियन सर खुर्ची सरकवत येतात.
"ॲरे का नाही घेतलास?"
पाण्याचे मीटर किती जोडतील सांगता येत नाही, सर,
कुठे चार, कुठे चारशे.
सलग जागा आधीच अडवून ठेवली
तर एक ओसाड पडते, नाहीतर अपुरी.
ते कागदी कप चुरगाळतात. "सिडकोला सांग हे."

नोड हा शब्द मी कॉलेजात शिकले नाही.
तो माझ्या जन्माआधीच घरात आला होता
नोटिशीवर बसून :
घणसोली नोड, ऐरोली नोड, कोपरखैरणे नोड.
बाबा तो 'नोट' वाचायचे.

मॅलॉक म्हणजे अर्ज.
इतके बाइट हवेत, द्याल का.
दिले तर जागेचा पत्ता, नाहीतर नल.
दर वेळी तपासायचं, सर बजावतात,
गृहीत धरायचं नाही.
मला कशाला सांगता.
साडेबारा टक्क्यांच्या फाइलीत बाबांनी
एकोणीस वर्षं नलच तपासला.

काढून टाकायचं फंक्शन मात्र तीनदा फसलं.
मी आधी फ्री केलं
आणि मग पुढचा पत्ता विचारला
त्याच जागेला, जी आता आपली नव्हती.
आणि तिने उत्तर दिलं !
सातातल्या सहा वेळा अगदी बरोबर.
जुना आकडा तिथंच पडून होता
दुसरं कुणी राहायला येईपर्यंत.
सातव्या वेळी बोर्ड गप्प.

बाबांच्या ट्रंकेत सातबारा आहे, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला,
मागे त्यांच्याच अक्षरात चतुःसीमा :
पूर्वेस हसुराम मढवी, पश्चिमेस खाडी.
तिथं आता डेटा सेंटरचा जनरेटर.
गेल्या दिवाळीत घेऊन गेले त्यांना.
वॉचमननं रजिस्टर पुढं केलं :
नाव, मोबाइल, कुणाला भेटायचं.
तिसऱ्या रकान्यात बाबांनी लिहिलं
हसुराम.
हसुराम जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

"पहिल्या नोडसाठी वेगळा इफ कशाला?"
सरांचं बोट स्क्रीनवर.
"नोडला धरू नकोस. त्याच्याकडे जे बोट दाखवतंय
त्याचा पत्ता धर."
पत्त्याचा पत्ता. नावाआधी दोन चांदण्या.
मग पहिला काय, मधला काय, सगळे सारखेच.
अकरा ओळींच्या चार झाल्या
आणि मला जनाबायचा ओटा आठवला.

गावठाणात घरांना नंबर नाहीत.
पार्सलवाला जनाबायला विचारतो,
ती म्हणते, हसुरामकडं विचार,
हसुरामची सून म्हणते, पुढचा निळा दरवाजा.
तो आमचा.
हसुरामच्या पोरांनी घर बिल्डरला दिलं, पाच माळे चढणार.
पाडकामाच्या आदल्या संध्याकाळी
बाबा लुंगी सावरत जनाबायच्या ओट्यावर गेले :
"उद्यापासून हसुरामचं नाव घेव नको गो.
कोन आला तं शीदा आमचेकरं लाव."

आदल्या संध्याकाळी.
जेसीबी यायच्या आधी.

मी दोन ओळींची अदलाबदल करते.
आधी जोड, मग सोड.
हजार मीटर घालते, हजार काढते,
सुरुवातीचा, मधला, शेवटचा, मिळेल तसा.
तपासणारा प्रोग्राम खाली छापतो :
घेतलेलं सगळं परत केलं, एकही बाइट हरवला नाही.

कर्सर लुकलुकतो.
खाली कुठेतरी, दोन वळणांपलीकडे,
जनरेटर चालू होतो.