ओटी

तुर्भ्याच्या दवाखान्यात द्वारका काट्यावर चढली,
चपला न काढताच.
साडेएकोणचाळीस.
गेल्या महिन्यात अडतीस होती.
मी म्हटलं, पदर सोड.

ओटीतून सहा बटाटे निघाले.
"तुम्ही ओरडता म्हणून, सिस्टर.
बाजारात पोतं हलकं भरलं की असंच करतात."

दिवसभर पन्नास किलोची पोती शिवते ती,
स्वतः पोत्याहून हलकी.
सकाळी चहा-खारी. मग तीन वाजता,
उरलं तर.
मी लोहाच्या गोळ्या दिल्या, चिक्की दिली.
चिक्की थोरल्यानं खाल्ली असणार, मला ठाऊक आहे.
बटाटे परत देताना बजावलं,
उकडून खा. तूच.

दिवस पुरते भरायच्या आधीच बाळ आलं.
मुलगा की मुलगी ते नंतर,
आधी तिनं विचारलं, "किती भरलं?"
एक किलो आठशे.
ती काही बोलली नाही.
बाजारात असा माल बाजूला काढतात.

मग छातीशी उघडं बांधून ठेवलं,
रात्रंदिवस.
रोज सकाळी काटा:
दहा ग्रॅम, पंधरा,
एकदा उलट वीस कमी.
आज पंचवीस जास्त.

"म्हणजे लसणाच्या पाच पाकळ्या,"
द्वारका म्हणाली,
आणि मी न विचारता
पदर झटकून दाखवला.